अर्ज किती आणि किती दिवसांपासून?

२५ मार्च २०१३ रोजी लंडनमध्ये एका संसदीय समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. परदेशी नागरिकांचे व्हिसा, वास्तव्य आणि आश्रयाचे अर्ज हाताळणाऱ्या ‘यूके बॉर्डर एजन्सी’कडे तीन लाखांहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत आणि सध्याच्या गतीने ती निकाली काढायला २४ वर्षे लागतील, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री थेरेसा मे हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभ्या राहिल्या आणि ही एजन्सीच आपण बंद करत आहोत, असे त्यांनी जाहीर केले. एजन्सीची कार्यपद्धती बंदिस्त, माहिती दडवणारी आणि सतत स्वतःचा बचाव करणारी आहे, असा ठपका खुद्द गृहमंत्र्यांनी आपल्याच खात्यावर ठेवला.

एका अहवालामुळे एजन्सी बंद झाली असे म्हणता येणार नाही. इतका मोठा निर्णय रात्रीत होत नसतो. पण त्याआधीची काही वर्षे ही समिती एजन्सीच्या मागे हात धुऊन लागली होती. तिचे अध्यक्ष होते कीथ वाझ. जन्म एडनचा, घराणे मूळ गोव्याचे. १९८७ पासून ते लेस्टर ईस्टचे खासदार होते आणि २००७ मध्ये संसदेच्या गृह व्यवहार समितीचे अध्यक्ष झाले. दर तीन महिन्यांनी ते एजन्सीच्या प्रमुखांना समोर बसवत आणि तेच तक्ते पुन्हा मागत: अर्ज किती आले, किती निकाली निघाले, किती पडून आहेत आणि किती दिवसांपासून पडून आहेत.

लंडनमधल्या या चौकशीचा आपल्याशी काय संबंध, हे पाहायला आपल्याकडच्या एका हद्दीवर येऊ. हिंगोलीहून वाशीमला निघाले की जिल्ह्याची हद्द संपण्याआधी कनेरगाव नाका लागतो. पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. एकेकाळी अलीकडे निजामाचा अंमल होता आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातले वऱ्हाड. आज हद्द कुठे ओलांडली हे गाडीतल्या प्रवाशाला कळतही नाही. या पट्ट्यातली मुले पुणे-हैदराबाद करून आता कॅनडा, जर्मनी, अमेरिका गाठू लागली आहेत, आणि त्यांच्या मागे घरात एक नवी काळजी आली आहे. ‘स्टेटस काय दाखवतंय?’ ‘अजून अंडर प्रोसेसच दाखवतंय.’ सहा महिने, वर्ष, दोन वर्षे हेच उत्तर मिळत राहते. त्या काळात लग्न लांबणीवर पडते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही, आजारी आईला भेटायला यावे तर परत जाता येईल की नाही याची खात्री नसते. अर्जदार कार्यालयाला जाब विचारू शकत नाही. परक्या देशात त्याला बहुतेकदा मतही नसते. त्याच्या वतीने कोणी विचारायचे, हा या लेखाचा विषय आहे.

ब्रिटनची गोष्ट थोडी तपशिलात पाहायला हवी. २००६ मध्ये तिथले तेव्हाचे गृहमंत्री जॉन रीड यांनी आपल्या खात्याची स्थलांतर यंत्रणा कामाच्या लायकीची राहिलेली नाही, अशी संसदीय समितीपुढे कबुली दिली. त्याच सुमारास आश्रयाच्या अर्जांची चार ते साडेचार लाख जुनी प्रकरणे निकालाविना पडून असल्याचे उघड झाले. ती पाच वर्षांत संपवण्याचे आश्वासन दिले गेले. मुदत जवळ आली तसा आकडा खरोखर खाली येऊ लागला. मात्र समितीने खोदून विचारल्यावर दिसले की, अर्जदाराचा पत्ता लागत नाही अशा फायली एका वेगळ्या दप्तरात हलवल्या जात आहेत. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये या दप्तरात एक लाख २४ हजार प्रकरणे होती. समितीने याची तुलना केंब्रिज शहराच्या लोकसंख्येशी केली आणि या दप्तराला टाकाऊ फायलींचे आगार ठरवले. आकडा कमी झाला होता खरा, पण निकाल कुणाच्याच हाती पडला नव्हता.

या दप्तरात फाइल टाकण्यापूर्वी अर्जदाराचा सर्व प्रकारे शोध घेतला जातो, असे एजन्सीने समितीला सांगितले होते. ते खरे मानून समिती पुढे गेली असती. पण ब्रिटनमध्ये सीमा व स्थलांतर कामकाजाचा एक स्वतंत्र मुख्य निरीक्षक असतो. तेव्हाचे निरीक्षक जॉन वाइन यांनी प्रत्यक्ष जाऊन फायली तपासल्या. असा शोध नीट घेतलाच गेला नव्हता, हे त्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये नोंदवले. लिव्हरपूलच्या कार्यालयातल्या एका खोलीत एका टप्प्यावर न उघडलेल्या टपालाचे दीडशेहून अधिक खोके होते. त्यात अर्जदारांची, वकिलांची आणि खासदारांचीसुद्धा पत्रे होती. माणूस सापडत नाही म्हणून फाइल बंद करायची, आणि त्याच माणसाचे पत्र खोलीत न फोडता पडलेले असायचे. जगभरच्या कार्यालयांविषयी मी जे वाचले आहे त्यात इतका संतापजनक तपशील क्वचित आढळतो.

यातून दोन गोष्टी कळतात. संसदीय समितीकडे अधिकार असतो, पण ती फायलींच्या खोलीत जाऊन बसत नाही. अधिकारी देतील त्या आकड्यांवर तिला भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे आकडा तपासणारे दुसरे डोळे हवेत, आणि ते डोळे खात्याच्या हुकमाखालचे असून चालत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सातत्य. एकदा प्रश्न विचारला की एकदा उत्तर मिळते. तोच प्रश्न बारा वेळा विचारला, की उत्तरांतला फरक दिसू लागतो आणि खरी बातमी त्या फरकातच असते.

एजन्सी गेली, तिचे काम पुन्हा थेट गृहखात्याकडे आले. वाझ यांनीही २०१६ मध्ये वैयक्तिक वर्तनाच्या आरोपांनंतर अध्यक्षपद सोडले. तुंबलेल्या अर्जांचा प्रश्न मात्र संपला नाही. २०२३ च्या मध्यावर आश्रयाच्या पहिल्या निर्णयाची वाट पाहणाऱ्यांची संख्या पावणेदोन लाखांवर गेली होती. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी जुने सर्व अर्ज वर्षभरात संपवण्याचे वचन दिले होते. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने ते पूर्ण झाल्याचे जाहीर केले, तेव्हा सुमारे साडेचार हजार गुंतागुंतीची प्रकरणे अजून बाकीच होती. देशाच्या अधिकृत सांख्यिकी प्राधिकरणाने त्या दाव्यावर जाहीर नाराजी नोंदवली. म्हणजे संसदेचा वचक हा एकदा घेऊन सोडून द्यायचा उपाय नाही. तो सैल झाला की साठा पुन्हा वाढतो.

कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात या दुखण्याचे आणखी एक मूळ दाखवले आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. कायम वास्तव्याच्या ज्या योजना त्यांनी तपासल्या, त्यांत जुने अर्ज पडून असताना नवे अर्ज आधी निकाली काढले जात होते. यामागचा हिशेब समजून घेतला पाहिजे. एखाद्या खात्याला ‘ऐंशी टक्के अर्ज सहा महिन्यांत’ असे उद्दिष्ट दिले, तर चार वर्षे पडलेली फाइल उघडून त्या खात्याला काहीच मिळत नाही. ती फाइल मुदतीत बसण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. कालची सोपी फाइल हातात घेतली तर टक्का वाढतो. अशा रीतीने सरासरी सुधारत जाते आणि सर्वांत जास्त थांबलेला माणूस सर्वांत मागे राहतो. म्हणून खात्याने सरासरी सांगितली की खासदाराने लगेच विचारावे: सर्वांत जुना अर्ज कोणत्या तारखेचा आहे?

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना रांग म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ‘डेट करंट झाली का?’, म्हणजे आपल्या अर्जाच्या तारखेचा नंबर लागला का, हा तिथल्या भारतीय घरांतला नेहमीचा प्रश्न आहे. पण तिथे खरे तर दोन रांगा आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की चर्चा भरकटते. हिंगोलीच्या बसस्थानकावर समजा नांदेडला जाणारे दोनशे लोक उभे आहेत. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस संथ असेल तर तो एक उशीर. खिडकी झपाट्याने चालते, पण दिवसाला एकच गाडी सुटते, हा दुसरा उशीर. पहिल्यासाठी आगारप्रमुखाला जाब विचारता येतो, दुसऱ्यासाठी गाड्याच वाढवाव्या लागतात. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची संख्या १९९० च्या कायद्याने वर्षाला सुमारे एक लाख ४० हजार ठरली आहे आणि त्यात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारतीय अर्जदारांची दशकानुदशकांची रांग मुख्यतः या नियमामुळे आहे. अधिकारी कितीही कार्यक्षम झाले तरी ती हलणार नाही. तिथे कायदाच बदलावा लागेल. जुलै २०१९ मध्ये देशनिहाय मर्यादा उठवणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये सिनेटनेही वेगळ्या मसुद्याला मान्यता दिली. दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि विषय तिथेच राहिला. या रांगेत आईवडिलांबरोबर थांबलेली मुले २१ वर्षांची झाली की त्यांचा अर्जावरचा हक्कच जातो. लहानपणापासून तिथे वाढलेल्या मुलांना मग स्वतःसाठी नवा व्हिसा शोधावा लागतो.

कधीकधी या दोन्ही रांगा एकमेकींना भिडतात. कोविडच्या काळात कुटुंबाच्या कोट्यातील न वापरलेली कार्डे नियमानुसार नोकरीच्या कोट्यात आली आणि २०२१ च्या आर्थिक वर्षासाठी ती संख्या दोन लाख ६२ हजारांवर गेली. ३० सप्टेंबरला वर्ष संपले तेव्हा त्यांतली सुमारे ६६ हजार कार्डे वापरलीच गेली नव्हती. कायद्याने जागा दिल्या होत्या, कार्यालयाच्या संथपणाने त्या वाया गेल्या. रांगेत लाखो माणसे उभी असताना हे घडले.

अमेरिकेच्या पद्धतीतली एक गोष्ट घेण्याजोगी आहे. २००२ च्या गृहसुरक्षा कायद्याने तिथे स्थलांतर सेवांसाठी एक लोकपाल नेमला गेला. अर्जदारांच्या अडचणींचा अहवाल त्याने दरवर्षी ३० जूनपर्यंत काँग्रेसला द्यायचा असतो, आणि तोही खात्याच्या वरिष्ठांनी आधी हात फिरवल्याशिवाय. शिवाय प्रत्येक लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात मतदारांची अडकलेली प्रकरणे पाहणारे कर्मचारी असतात. अर्जदाराने लेखी संमती दिली की ते थेट खात्याकडे विचारणा करतात. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत. त्यांच्या कार्यालयालाही हे काम करावे लागते.

आता आपल्याकडे वळू. भारत हा माणसे बाहेर पाठवणारा देश आहे, तसाच माणसे सामावून घेणाराही आहे. त्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण नागपूर. तिथल्या जरीपटका भागात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती उभी राहिली आणि पुढच्या दशकांतही पाकिस्तानातून हिंदू कुटुंबे नातेवाइकांच्या आधाराने नागपुरात येत राहिली. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहायचे, त्याची मुदत वाढवत राहायचे आणि नागरिकत्वाच्या अर्जाची वाट पाहायची, असे त्यांचे जगणे झाले. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडून राज्याकडे, तिथून केंद्राकडे आणि तपास यंत्रणांच्या अहवालांसाठी पुन्हा मागे फिरत असे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने सात राज्यांतल्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जांवर निर्णयाचे अधिकार दिले. महाराष्ट्रातून त्यात नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे होते. वाट पाहणे कमी करणारा तो शहाणा निर्णय होता, कारण त्याने एक पूर्ण टप्पाच वगळला.

तरी २०२१ च्या डिसेंबरमध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार नागरिकत्वाचे १० हजार ६३५ अर्ज प्रलंबित होते आणि त्यांपैकी ७ हजार ३०६ अर्जदार पाकिस्तानी नागरिक होते. हा आकडा आपल्याला कळला तो एका सदस्याने प्रश्न विचारला म्हणून. पण यांतले किती अर्ज वर्षाच्या आतले आणि किती दहा वर्षांपूर्वीचे, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. नेमका तोच तपशील दर अधिवेशनात मागितला गेला पाहिजे.

नागरिकत्व सुधारणा कायद्याची कथा याच अंगाने पाहण्यासारखी आहे. त्या कायद्याच्या योग्यायोग्यतेवर देशात तीव्र मतभेद झाले आणि ते इथे उकरायचे नाहीत. प्रश्न मुदतीचा आहे. १२ डिसेंबर २०१९ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. संसदीय कामकाजाच्या नियमपुस्तिकेप्रमाणे सहा महिन्यांत नियम तयार व्हायला हवे होते, नाही तर दोन्ही सभागृहांच्या दुय्यम विधान समित्यांकडे मुदतवाढ मागावी लागते. गृह मंत्रालयाने ती मागितली, मिळाली, पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली. नियम प्रसिद्ध झाले ते ११ मार्च २०२४ रोजी, म्हणजे सव्वाचार वर्षांनी. पहिली प्रमाणपत्रे त्या वर्षीच्या १५ मे रोजी दिल्लीत चौदा जणांना दिली गेली. कायद्याला कोणाचा पाठिंबा असो वा विरोध, या विलंबाची झळ त्या कायद्याकडे आशेने पाहणाऱ्या माणसांना बसली. समित्यांच्या हाती मुदत देण्याचा अधिकार होता. प्रत्येक वाढीमागचे कारण देशापुढे मांडून घ्यायला त्यांना कोणी अडवले नव्हते.

आपल्या संसदेकडे साधने नाहीत असे अजिबात नाही. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. गृह खात्याची एक, परराष्ट्र खात्याची एक. त्यांच्या शिफारशींवर काय केले ते सरकारने तीन महिन्यांत कळवायचे असते. सरकारी आश्वासन समिती आहे. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द तीन महिन्यांत पाळला गेला की नाही, हे ती पाहते. याचिका समिती आहे, तिथे सामान्य नागरिकही निवेदन देऊ शकतो. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात. एवढी साधने हाताशी असताना उणीव राहते ती सवयीची आणि उघडेपणाची. आपल्या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. अधिकाऱ्याने काय सांगितले हे जनतेला अहवाल येईपर्यंत कळत नाही, आणि अहवाल आला तरी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळी. वाझ यांची समिती खुल्या बैठकीत, कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारत होती. त्या उजेडाने निम्मे काम केले. सुरक्षेचे विषय सोडून प्रलंबित अर्जांसारख्या विषयावरची साक्ष तरी खुली व्हावी, असे मला ठामपणे वाटते.

विलंबाला कायद्याने बांधण्याची एक संधी देशाने गमावली आहे. ठरल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारे विधेयक केंद्राने डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत मांडले, ते स्थायी समितीकडे गेले आणि २०१४ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर व्यपगत झाले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आपला लोकसेवा हक्क कायदा केला. त्यात अधिसूचित सेवेला मुदत आहे, अपिलाच्या पायऱ्या आहेत आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केंद्राच्या सर्व सेवांना लागू होईल असा तसा कायदा मात्र अजून झालेला नाही. २०२५ मध्ये परदेशी नागरिकांविषयीचे जुने चार कायदे रद्द करून स्थलांतर व परदेशी नागरिक कायदा आला. त्याचे विधेयक स्थायी समितीकडे न जाताच दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. अर्ज निकाली काढण्याची मुदत काय असावी, हे विचारण्याची ती योग्य वेळ होती.

ज्यांच्या घरात असा अर्ज अडकला आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. खासदार निर्णय बदलू शकत नाही आणि कोणाला रांगेत पुढेही नेऊ शकत नाही. तसे कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. खासदार विचारू मात्र शकतो. त्याच्याकडे जाताना अर्जाचा क्रमांक, तारीख, त्या प्रकारासाठी खात्याने जाहीर केलेली मुदत आणि अर्जदाराची लेखी संमती न्या. ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेतल्या अर्जासाठी तिथे राहणाऱ्या माणसाने आपण राहतो त्या मतदारसंघाच्या लोकप्रतिनिधीकडे जावे. मत नसले तरी तो रहिवासी असतो आणि अशी प्रकरणे ती कार्यालये सहसा घेतात. भारताच्या पासपोर्टचे, ओसीआयचे (परदेशस्थ भारतीयांच्या कार्डाचे) किंवा नागरिकत्वाचे काम असेल तर माहितीच्या अधिकारात फाइल कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या तारखेपासून आहे एवढेच विचारा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. दूतावासाशी संबंधित तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून चालू आहे.

आणि हिंगोलीच्याच नव्हे, राज्यातल्या प्रत्येक खासदाराकडे एक मागणी करा. अतारांकित प्रश्नाला पंधरा दिवसांची सूचना लागते, त्यापलीकडे खर्च काही नाही. नागरिकत्व, दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि पासपोर्ट यांचे सहा महिन्यांहून, एका वर्षाहून, तीन वर्षांहून आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रलंबित असलेले अर्ज जिल्हावार किती आहेत, आणि सर्वांत जुना अर्ज कोणत्या तारखेचा आहे, हा प्रश्न त्यांनी येत्या अधिवेशनात विचारावा आणि त्यापुढच्या प्रत्येक अधिवेशनात पुन्हा विचारावा.